ऐकू जाईल एवढ्या आवाजात

उपवासकाळ सुरू झाला की आमच्या मंडळीत सगळ्यांना एकदम प्रार्थनेची आठवण होते, आणि मला माझ्या सासऱ्यांची. परवा राखेचा बुधवार झाला. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चच्या बाहेर आले तर ऊन असं की घामानं तो क्रूस भुवईपर्यंत ओघळला. ईस्टरच्या आधीचे हे आठवडे बदलापुरात असेच येतात. बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला पळस लाल झालेला, मोहोर गळून आंब्याला बोटाएवढ्या कैऱ्या लागलेल्या, सोसायटीच्या फळ्यावर 'पाणी एक दिवसाआड' असं खडूनं लिहिलेलं, आणि पुलपिटावरून दर वर्षीचा तोच विषय. यंदाही पाळकसाहेब म्हणाले, "या काळात आपण आपलं व्यक्तिगत प्रार्थनाजीवन समृद्ध करू या."

समृद्ध. या शब्दाचा मला राग येतो. कुळगावच्या पुढे जिथे परवापरवापर्यंत भाताची खाचरं होती, तिथे उभ्या राहिलेल्या प्रत्येक इमारतीच्या फलकावर तो असतो. समृद्ध जीवन, बगीचा, जिम, चोवीस तास पाणी. तिथे राहायला गेलेल्या माणसाला विचारावं, पाणी येतं का हो. माझ्या प्रार्थनेचंही तसंच आहे. बाहेरून फलक झकास.

म्हणजे मला प्रार्थना येत नाही असं नाही. महिला मंडळात कुणाला सुचेनासं झालं की सगळ्या माझ्याकडे बघतात. "शैलाताई, तुम्हीच करा ना." मी उभी राहते, डोळे मिटते, आणि तोंडातून एकामागून एक सुरेख वाक्यं येतात. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी. बायका पदरानं डोळे टिपतात. आणि आत मात्र रिकाम्या वर्गात पंखा चालू राहावा तसं काहीतरी नुसतं फिरत असतं. घरी एकटी बसले की तेवढंही नाही. एक वाक्य सुचत नाही.

सासऱ्यांची आठवण येते ती ज्या उपवासकाळामुळे, त्या वर्षी मी ठरवलं होतं की हे एकदा सुधारायचंच. सकाळी उजाडताना गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचं. पाळकसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे आधी श्वास शांत करायचा, शास्त्रातली एक ओळ मनात घोळवायची, मग गप्प राहून ऐकायचं. ऐकायचं! मी ऐकायला बसले की काय ऐकू येई सांगू? खालच्या मजल्यावरच्या मिक्सरची घरघर. दूधवाल्याची मोटरसायकल. मग वाटे, डाळ भिजत घातली का? मग शिवायला घेतलेल्या गाउनवर लावायचे राहिलेले मोती डोळ्यांपुढे येत. मग आपण प्रार्थना करत नाही आहोत याचा राग येई, आणि प्रार्थनेला बसून राग आला म्हणून पुन्हा त्या रागाचा राग. खुर्चीतून उठताना मी बसले होते त्याहून वाईट माणूस झालेली असे.

मी घरी शिवणकाम करते. उल्हासनगरच्या एका दुकानासाठी लग्नाचे गाउन, घागरे, काय येईल ते. दुकान कविताभाभींचं. त्या सिंधी, बोलतात हिंदीत, मधूनच मराठीचा एखादा शब्द टाकतात. त्या फेब्रुवारीत मी दिलेला गाउन त्यांनी काउंटरवर पसरला आणि हात फिरवला तर दोन मोती टपकन खाली.

"शैला, ये क्या है? तेरा ध्यान किधर है आजकल?"

मी काय सांगणार? ध्यानच तर शोधत होते रोज सकाळी.

बाबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा आमच्याकडे होते. नगरकडच्या मिशनच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेले. सासूबाई गेल्यावर माझा नवरा विनय त्यांना इकडे घेऊन आला. उपवासकाळ लागायच्या थोडं आधी ते बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, निदान दोन महिने पलंग. विनयची अंबरनाथला केमिकल कारखान्यात पाळी बदलती. तो असेल तेव्हा तो करायचा, नसेल तेव्हा मी. पाठ पुसणं, कूस बदलणं, शौचाचं भांडं देणं, सगळं.

बाबांचं आणि माझं भांडण कधीच नव्हतं. बोलणंही नव्हतं. "चहा ठेवलाय." "बरं." "गोळी घेतलीत?" "घेतली." एवढंच. सून म्हणून मी आले तेव्हापासून ते माझ्याशी असे बोलत की जणू माझ्या शेजारी कुणी अदृश्य माणूस उभा आहे आणि ते त्याला सांगताहेत.

पण देवाशी ते बोलत. मोठ्यानं. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय असलेला माणूस, त्यात कान मंद झालेले. मी गॅलरीत शांततेची तयारी करत बसले की आतल्या खोलीतून सुरू होई, "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, या प्रातःकाळी आम्ही नम्रभावे तुझ्या चरणांपाशी येतो..." पहिला भाग शुद्ध आणि भारदस्त. मग हळूहळू प्रार्थना पलंगावरून खाली उतरे आणि घरात हिंडू लागे. "तू जाणतोस, प्रभो, काल या घरात पुन्हा भाजीत गूळ पडला. माझ्या जिभेला सहनशक्ती दे. तू जाणतोस, तुझा सेवक हाक मारतो आणि मशीनच्या आवाजात ती कुणाला ऐकू जात नाही. मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव घ्यायला घरात होतं कोण दुसरं!

मी दात ओठ खात खुर्चीत बसून राही. मला राग कशाचा जास्त होता हे आजही नीट सांगता येत नाही. गाऱ्हाण्यांचा की त्यांना इतकं सहज बोलता येत होतं त्याचा. माझ्या गुळाबद्दलसुद्धा त्यांच्याकडे देवाला सांगण्यासारखं काहीतरी होतं. माझ्याकडे काहीच नव्हतं.

एका रविवारी उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, साहेब, जमत नाही. बसले की बाबा हाक मारतात, बाबा गप्प असले की पाणी येतं, पाणी भरून झालं की बाबा. ते प्रेमळ माणूस. हसून म्हणाले, "शैलाताई, तुम्ही वडीलधाऱ्यांची सेवा करताय. तीच तुमची प्रार्थना. वेगळी कशाला हवी?"

मला हे वाक्य तोपर्यंत इतक्या जणांनी ऐकवलं होतं की माझा तोल गेला. "साहेब, भांडं धुणं म्हणजे भांडं धुणं. मी ते करते, आणि करीन. पण तीच प्रार्थना असेल तर तुम्ही उद्यापासून गुडघे टेकू नका, चर्चची फरशी पुसत जा. मला बोलायचं आहे हो. देवाशी. मला त्याच्याशी बोलता येत नाही, हे मी सांगतेय तुम्हाला."

ते पुढच्या कुटुंबाशी हात मिळवायला वळले. मीही चप्पल शोधायला लागले.

मग तो पाण्याचा दिवस. पाणी सकाळी यायचं ते आलं नाही. फळ्यावर काही नाही, वॉचमनला काही माहीत नाही. विनय कामावर. रात्रीची भांडी ओट्यावर तशीच, टाकीत तळाचं गढूळ पाणी. मी कणीक भिजवत होते आणि आतून बाबांची सकाळची प्रार्थना चालू होती. नेहमीचं सगळं झालं, आणि मग आलं, "प्रभो, या घरात पूर्वी प्रार्थना होती. आता माझ्या मुलाची बायको गॅलरीत डोळे मिटून डुलक्या घेते आणि तिला वाटतं ती तुझ्यापाशी आहे."

माझे हात कणकेत तसेच राहिले. मी डोळे मिटले नाहीत, गुडघे टेकले नाहीत. भिंतीकडे बघून, मशीन चालू असतानासुद्धा आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "देवा, ऐक. मी डुलक्या घेत नाही. मी तिथे बसते आणि तू येत नाहीस. रोज बसते आणि रोज तू येत नाहीस. आणि जो म्हातारा रात्री तीन वेळा मला उठवतो, तो तुला माझ्या झोपेबद्दल सांगतोय. भाजीत गूळ घालते, हो. माझी आई घालायची. आजही घालणार आहे."

मला वाटलं, आता विनयला फोन जाणार आणि संध्याकाळी घरात महाभारत होणार. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, अगदी मास्तरांचा.

"आमेन म्हणायचं राहिलं."

"आमेन!" मी ओरडले, आणि कणीक परातीत आपटली.

पलीकडून काहीतरी आवाज आला. मी कणकेचे हात घेऊन धावले, वाटलं पडले की काय. तर ते उशीवर मान टाकून हसत होते. खुबा दुखत होता म्हणून मधेमधे कण्हत होते, आणि पुन्हा हसत होते. मला बघितल्यावर चेहरा सरळ करून म्हणाले, "चहा झाला का?"

"होतोय."

"बरं."

समोरासमोर तेवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात नवीनच प्रकार सुरू झाला. सकाळी ते आतून देवाला सांगत, मी स्वयंपाकघरातून देवाला उत्तर देई. "प्रभो, डाळ खारट होती." "देवा, त्यांना चव कळत नाही, ब्लडप्रेशरच्या गोळीनं तोंड गेलंय, तूच सांग त्यांना." "प्रभो, खिडकी उघडी ठेवावी, जीव घुसमटतो." "देवा, डंपिंगच्या कचऱ्याचा धूर येतो, मग खोकतात आणि मला उठवतात." एकमेकांशी बोलताना आम्ही अजूनही अडखळत होतो. देवाला मध्ये घेतलं की दोघांच्याही जिभा सुटत. विनय एकदा रात्रपाळीहून आला आणि दारातच थबकला. "काय चाललंय हे?" मी म्हटलं, "प्रार्थना." तो आंघोळीला गेला. तो असल्या भानगडीत पडत नाही.

ऊन वाढत गेलं. दुपारी खिडकीच्या गजाला हात लावता येईना. कैऱ्या मोठ्या झाल्या, समोरच्या इमारतीतली पोरं दगड मारून पाडायला लागली. आणि सकाळच्या त्या बोलण्यातल्या कुरबुरी कधी संपल्या, माझ्या लक्षात आलं नाही. एका सकाळी बाबा भारदस्त सुरुवात न करताच बोलू लागले. आवाजही नेहमीसारखा नव्हता. "देवा, मला लाज वाटते. मी मास्तर होतो. गावात लोक मला बघून सायकलवरून उतरायचे. आता ही पोरगी मला भांडं देते आणि तोंड दुसरीकडे करते, मला लाज वाटू नये म्हणून. मला ते दिसतं. मला तिला आभार म्हणता येत नाही. तू म्हण."

मी गॅस बंद केला. त्या दिवशी मी काही उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्याकडून मागितलेलंच नव्हतं.

असं बोलायची माझी वेळ गुड फ्रायडेच्या आदल्या आठवड्यात आली. ठरवून नाही. शिवायला एका बारशाचं झबलं आलं होतं, पांढरं, सॅटिनचं, तळहाताएवढं. मी त्याला ओट्यावर इस्त्री करत होते आणि तोंडातून निघालं. लग्नानंतर पहिल्या काही वर्षांत मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. त्यानंतर कधीच नाही. आमच्या घरात यावर कुणी बोलत नाही. विनय तर मुळीच नाही. मी इस्त्री हातात धरून म्हणाले, "देवा, मी तेव्हा मागितलं होतं. तुला आठवतं का? जमिनीवर पडून मागितलं होतं. तू एक शब्द बोलला नाहीस. तेव्हापासून मी तुझ्याशी नुसतं पाठांतर बोलते. सगळ्या मंडळीसमोर बोलते, छान बोलते, आणि मनात म्हणते, तुला काय फरक पडतो. मला बोलता येत नाही ते आळसानं नाही. मी तुझ्यावर रुसलेय. इतकी वर्षं रुसलेय आणि तू विचारलंसुद्धा नाहीस."

मग मला भान आलं की आत बाबा आहेत आणि त्यांना प्रत्येक शब्द ऐकू गेला असणार. कारण दुसऱ्यांदा मला जेव्हा हॉस्पिटलमधून घरी आणलं, तेव्हा नगरहून येऊन, माझ्या डोक्यावर हात ठेवून, "प्रभूची इच्छा, मुली," असं म्हणणारे हेच होते. मी तो हात अजून विसरले नव्हते. तो दिवस आम्ही दोघांनी एकमेकांची नजर चुकवत काढला. जेवणाचं ताट ठेवलं, उचललं. गोळी दिली, पाणी दिलं.

दुसऱ्या सकाळी आतून आवाज आला. प्रत्येक शब्द जड.

"देवा, मी तिला तेव्हा सांगितलं की ही तुझी इच्छा आहे. मला काय ठाऊक होतं तुझी इच्छा? मी सांगून मोकळा झालो. पंचाऐंशी वर्षं मी तुझी बाजू घेत आलो. शाळेत घेतली, मंडळीत घेतली, बायको गेली तेव्हा घेतली. या बाबतीत मी घेणार नाही. तू हे बरोबर केलं नाहीस. तिला उत्तर द्यायला हवं होतंस. अजून दे."

मी ओट्याला धरून उभी होते. दूध उतू गेलं त्याचा वास आला तेव्हा हलले. चहा घेऊन आत गेले, तर त्यांनी पांघरुणाबाहेर हात काढून ठेवला होता, तळवा वर. मी तिथे माझा हात ठेवला. चहा गार झाला, आणि त्यांनी तो तसाच प्यायला.

इथे सगळं सुरळीत झालं असं लिहिता आलं असतं तर किती बरं. देवानं उत्तर दिलं, माझं प्रार्थनाजीवन बहरलं. तसं काही झालं नाही. ईस्टर झाला, बाबा वॉकर धरून बैठकीत यायला लागले. जून सुरू होता होता नणंद येऊन त्यांना नगरला घेऊन गेली. तिचंही बरोबर होतं, तिकडे तळमजला होता, अंगण होतं. मग आमचं बोलणं फोनवर. "कशी आहेस?" "बरी. तुम्ही?" "बरं आहे." फोनवर देवाला मध्ये कसं घ्यायचं, ते दोघांनाही सुचलं नाही. एकदा तर मी गॅलरीत जाऊन, फोन कानाला लावून, म्हणायला सुरुवातही केली, "देवा, बाबांना सांग..." तिकडून ते म्हणाले, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाही." फोन कट झाला. नाताळच्या आधी ते गेले. दफनाच्या वेळी नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही करा प्रार्थना, तुम्हाला छान येते. आणि मी केली. छानच केली. परमदयाळू पित्यापासून आमेनपर्यंत एकसुद्धा खरं वाक्य नसलेली. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर तोंड करून स्वतःला शिव्या घालत होते.

आता घरात शांतता भरपूर आहे. आतल्या खोलीतून हाक येत नाही. गॅलरीत बसावं तेवढं बसता येतं, आणि काही सुचत नाही. कधी एखाद्या सकाळी दोन वाक्यं येतात, रागाची असतात, पण माझी असतात. मग पुन्हा आठवडाभर कोरडं. मला याचा कंटाळा आला आहे. कुणी मला सांगू नका की कोरडेपणाचाही आशीर्वाद असतो.

आणि अशातच या आठवड्यात अंबरनाथला महिला मंडळाच्या घरसभेत मला बोलायला बोलावलं. विषय अर्थात तोच. शिवमंदिराच्या बाजूला एका जुन्या सभासद बाईंचं घर. चटया टाकलेल्या, कोपऱ्यात कूलर, समोर पंधरा-वीस बायका. मी वीस मिनिटं बोलले, वेळ काढावा, जागा ठरवावी, वगैरे. माझं मलाच ऐकवेना. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का, असं म्हटलं, तर मागच्या बाजूनं एक नवी सून, अनिशा तिचं नाव, नुकतीच उल्हासनगरहून इथे लग्न होऊन आलेली, तिनं विचारलं, "काकू, उत्तर मिळतं का?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला सांगता येण्यासारखी चांगली वाक्यं तयार होती.

"मला अजून मिळालेलं नाही," मी म्हटलं.

यजमानीण बाई घाईनं उठल्या, "चला, चहा आणते हं." समारोपाची प्रार्थना दुसऱ्या कुणाला तरी सांगितली गेली. निघताना कुणी फारसं बोललं नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा बोलावणार नाहीत.

रिक्षा स्टँडपर्यंत आले तर मागून अनिशा. धापा टाकत. "काकू, थांबा ना." उन्हात आम्ही दोघी रसाच्या गाडीच्या सावलीला उभ्या राहिलो. तिला काहीतरी सांगायचं होतं. ओढणीचं टोक पिळत होती. "कुणाला सांगू कळत नाही. आईला सांगितलं तर ती रडेल. ह्यांना सांगितलं तर... म्हणजे तुम्हाला सांगू का?"

मला काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. आपोआप आलं.

"मला नको सांगूस. त्याला सांग. मोठ्यानं. मी इथेच उभी आहे."

ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. मग इकडेतिकडे पाहिलं. बस गेली, धूळ उडाली. रसवाला उसाचं चिपाड पुन्हा चरकात घालत होता. तिनं डोळे मिटले नाहीत, समोरच्या बंद शटरकडे बघितलं, आणि म्हणाली, "देवा, मला त्या घरात खूप भीती वाटते रे."

मी खांद्यावर हात ठेवला नाही, नुसती जवळ सरकले.

"बदलापूर, बदलापूर! ओ काकू, एकच सीट आहे, येताय का?" रिक्षावाला ओरडला. मी त्याला हातानं जा म्हटलं. ती अजून बोलत होती.